गाडी आणि आपण : टायमिंग बेल्टची काटकसर

प्रश्न : मी सोलापुरात होटगी रस्त्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी मी २०१२ सालची टोयोटा फॉर्च्युनर, ३.० डिझेल, फोर बाय फोर अशी जुनी गाडी घेतली. मोहोळ तालुक्यात आमचा ऊस असल्यामुळे पावसाळ्यात काळ्या रानातून जावे लागते आणि तेव्हा लो गिअरचा उपयोग होतो. मीटरवर आता १,४६,००० किलोमीटर झाले आहेत. सर्व्हिस सेंटरने टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि ऑइल सील यांचा मिळून जो अंदाज दिला, तो मला जड वाटतो. शहरातल्या एका दुकानात बेल्ट त्यांच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो आहे आणि ऑनलाइन दिल्लीचा एक विक्रेता त्याहूनही स्वस्त देतो आहे. माझे मिस्त्री म्हणतात, ‘नुसता बेल्ट टाका, बाकीचे चालतेय तोवर चालू द्या.’ मी काय करावे?

उत्तर : मिस्त्रींचा सल्ला या एका बाबतीत बाजूला ठेवावा, पण म्हणून सर्व्हिस सेंटरचा अंदाज जसाच्या तसा मान्य करण्याचेही कारण नाही. या कामात पैसे वाचवता येतात. फक्त ते कोणत्या ओळीतून वाचवायचे, हे आधी ठरवावे लागते.

टायमिंग बेल्ट खालच्या क्रँकशाफ्टची (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि वरच्या कॅमशाफ्टची (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) वेळ जुळवून ठेवतो; क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. आपल्या गाडीच्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते सोलले गेले, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि मग बेल्टचे काम बाजूला राहून हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावे लागते. बेल्ट तुटण्यापूर्वी बहुतेक वेळा आवाजही करत नाही. वरून पाहिले तर तो चांगला काळाभोर दिसतो, त्यामुळे ‘मी बघितला, अजून वर्षभर जाईल’ या वाक्यावर कोणीही विसंबू नये, मग ते कितीही अनुभवी माणसाने म्हटलेले असो.

मिस्त्रींशी माझा मतभेद आहे तो टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) यांच्याबाबत. बेल्टइतकेच किलोमीटर त्या दोन्हींच्या बेअरिंगनेही काढलेले असतात आणि नवा, घट्ट बेल्ट जुन्या बेअरिंगवर चढवला की त्याच्यावरचा ताण वाढतो. आयडलरचे बेअरिंग अडकले, तर नवा कोरा बेल्टसुद्धा काही क्षणांत जातो. शिवाय हे भाग बदलण्यासाठी पुन्हा तेच कव्हर उघडायचे असते, म्हणजे मजुरी दोनदा द्यायची. ऑइल सीलचेही तसेच आहे. कॅमशाफ्टच्या किंवा बेल्टच्या खालच्या पुलीमागच्या सीलमधून तेल पाझरत असेल, तर त्या तेलाने बेल्टचे रबर फुगते आणि सुटू लागते. सीलची किंमत मात्र सगळ्या यादीत सर्वांत कमी असते.

आता बचतीची पहिली जागा. आपल्या गाडीच्या इंजिनात क्रँकवरून आधी गिअर फिरतात आणि तिथून बेल्ट वर कॅमशाफ्टकडे जातो. वॉटर पंप या बेल्टवर नसून बाहेरच्या, अल्टरनेटरच्या बाजूच्या बेल्टवर चालतो. त्यामुळे कोणी ‘बेल्टबरोबर वॉटर पंप बदलावाच लागतो’ असे म्हणत असेल, तर ते दुसऱ्या इंजिनांचे खरे आणि आपल्या इंजिनाचे चुकीचे आहे. पंप गळत नसेल, त्याच्या बेअरिंगचा आवाज नसेल, तर तो तसाच राहू द्यावा. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकात पंपाची ओळ असल्यास ती काढून टाकण्यास सांगावे.

दुसरी जागा मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती सोलापुरात सहज सापडते. इनोव्हाचे जुने २.५ डिझेल इंजिन हे आपल्या ३.० इंजिनाचेच धाकटे भावंड आहे, आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशा फेऱ्या करणाऱ्या भाड्याच्या इनोव्हा वर्षानुवर्षे आपल्या शहरात धावत आहेत. त्यांचा टायमिंग बेल्ट बदललेला हात शोधावा. फॉर्च्युनर आली की दर वाढवणाऱ्या गॅरेजपेक्षा महिन्याला चार इनोव्हा उघडणारा मिस्त्री हे काम बिनचूक आणि वाजवी मजुरीत करतो. सुटे भागही इनोव्हामुळे दुकानदारांकडे पडून न राहता खपतात, म्हणजे माल ताजा मिळण्याची शक्यता जास्त. मात्र ‘इनोव्हाचाच लागतो’ एवढ्या तोंडी आश्वासनावर घेऊ नये. टोयोटाच्या टायमिंग बेल्टचा भाग क्रमांक १३५६८ या अंकांनी सुरू होतो. आपल्या चॅसिस क्रमांकावरून पूर्ण क्रमांक सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर विचारून घ्यावा, वहीत लिहून ठेवावा आणि दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी तो क्रमांक दाखवावा.

तिसरी जागा म्हणजे खोक्यावरचे नाव. कोणताही मोटार कारखाना बेल्ट स्वतः बनवत नाही. तो बनवणारे वेगळे असतात. बँडो, मित्सुबोशी, गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको ही बेल्टची, तर एनटीएन, कोयो, एनएसके, आयएनए, एसकेएफ ही बेअरिंगची नावे आहेत. यांपैकी कोणाचा तरी संपूर्ण किट (बेल्ट, आयडलर आणि टेन्शनर एकत्र), योग्य क्रमांकाचा आणि पक्क्या बिलाचा मिळत असेल, तर गाडीच्या कंपनीच्या खोक्यासाठी जास्त मोजण्याची मला आवश्यकता वाटत नाही. किट घेताना मात्र तो दुकानातच उघडून पाहावा, कारण ‘किट’ या शब्दाखाली कधी बेल्ट आणि एकच पुली असते आणि हायड्रॉलिक टेन्शनर वेगळा घ्यावा लागतो. अशा वेळी स्वस्त वाटलेला किट शेवटी महाग पडतो. नव्या हायड्रॉलिक टेन्शनरला एक बारीक पिन लावलेली असते. तिच्यामुळे आतला दट्ट्या दाबलेला राहतो. ती पिन निघालेला, तेलकट झालेला टेन्शनर घेऊ नये.

दुकानातल्या बेल्टकडे कसे पाहावे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानात उभा असताना विक्रेत्याने बेल्ट हातात घेतला, पोळीसारखी त्याची घडी घातली, मग तो उलटा करून दात बाहेर काढले आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, ‘बघा साहेब, किती लवचीक माल आहे.’ समोरच्या गिऱ्हाइकाने समाधानाने मान हलवली आणि तोच बेल्ट घेतला. बेल्टच्या रबराच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि त्याची सगळी ताकद त्या दोऱ्यांत असते. तीक्ष्ण घडी पडली की त्या आतल्या आत तडकतात. वरून काहीही दिसत नाही. म्हणून खिळ्याला लटकवलेला, रबर बँडने आवळलेला, उन्हाच्या झळा लागणाऱ्या फळीवरचा किंवा आपल्यासमोर दुमडून दाखवलेला बेल्ट फुकट मिळाला तरी नाकारावा. खोक्यात सैल वेटोळ्यात ठेवलेला, ज्याच्या पाठीवरची छपाई स्वच्छ आहे आणि क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो, असाच घ्यावा. जुना बेल्ट काढल्यानंतर दोन्हींचे दाते मोजावेत आणि रुंदी जुळवून पाहावी. त्याला पाच मिनिटे लागतात.

आता दिल्लीच्या विक्रेत्याविषयी. काश्मिरी गेट ही सुट्या भागांची मोठी आणि जुनी बाजारपेठ आहे. तिथे उत्तम माल मिळतो आणि हुबेहूब खोक्यातला नकली मालही मिळतो. पुण्याच्या नाना पेठेतही भाव सोलापूरपेक्षा कमी पडू शकतो, आणि पुण्याला काही कामाने जाणार असाल, तर तिथे स्वतः हाताळून घेणे ऑनलाइनपेक्षा मला बरे वाटते. कुठूनही घ्या, पण जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्या आणि त्यावर ‘बेल्ट – १ नग’ असे न लिहिता कंपनीचे नाव आणि पूर्ण भाग क्रमांक लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. म्हणून जुन्या छापील किमतीचा माल जुन्याच भावाने गळ्यात मारला जात असेल, तर विचारणा करण्याचा आपल्याला अधिकार आहे. ‘बिलाशिवाय घेतला तर कर वाचेल’ असे सांगणाऱ्याकडून हा भाग घेऊ नये, कारण त्याच बिलावर पुढची तक्रार उभी राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जिथे राहता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी सोलापूरच्या आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

आपल्या वापराबद्दल एक गोष्ट. फोर बाय फोरमुळे या बेल्टवर थेट जादा भार येत नाही. तो चाके ओढत नाही, फक्त व्हॉल्व्ह चालवतो. परंतु लो गिअरमध्ये तेवढ्याच अंतरासाठी इंजिन सुमारे अडीचपट फेरे घेते आणि मीटर मात्र अंतरच मोजते. त्यात उन्हाळ्यात चाळिशीच्या वर गेलेल्या पाऱ्यात एसी लावून वजनकाट्यावर किंवा बांधावर गाडी चालू ठेवून उभे राहणे आलेच. हे सगळे तास बेल्टला मोजावे लागतात, मीटरला नाही. या इंजिनासाठी दीड लाख किलोमीटर हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. आपल्या पुस्तिकेतला आकडा पाहावा, पण आपल्यासारख्या वापरात त्याची वाट पाहू नये. डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा लागतो, तोही बेल्टची तपासणी करत नाही. ठरावीक किलोमीटर झाले की लागणारी ती केवळ आठवण आहे आणि बेल्ट न बदलताही ती विझवता येते. गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचे बिल आहे का, हे विचारावे. तोंडी ‘बदललाय’ याला काही अर्थ नाही. बिल नसेल, तर २०१२ पासूनचाच बेल्ट आत आहे असे धरून चालावे, आणि एवढ्या वर्षांच्या रबराला किलोमीटर विचारण्यात काही हशील नाही.

काम सुरू असताना शक्य असल्यास समोर थांबावे. पुलींवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवल्यावर आणि टेन्शनरची पिन काढल्यावर मिस्त्रीने स्टार्टर न मारता पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. एखादा दाता चुकला असेल, तर तो इथेच कळतो. जे मिस्त्री हे न सांगता करतात, त्यांच्याशी मजुरीत घासाघीस करू नये. जुने भाग मात्र मागून घ्यावेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१५ ची रेनो डस्टर एडब्ल्यूडी डिझेल आहे. डस्टरचे हे जुने मॉडेल बंद झाल्यामुळे बेल्टचे भाग मिळणार नाहीत, असे बार्शीचे एक परिचित म्हणतात. वॉटर पंप बदलणे खरोखर गरजेचे आहे का?
– एक वाचक, जुना पुणे नाका

उत्तर : भाग मिळतील. आपल्या गाडीतले १.५ डिझेल इंजिन डस्टरपुरते नव्हते. निसान टेरानो, रेनो लॉजी, महिंद्रा व्हेरिटो अशा अनेक गाड्यांत ते बसवले गेले आणि परदेशातही ते प्रचंड संख्येने वापरले गेले. त्यामुळे किट बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या यादीत ते असते. वेगवेगळ्या आवृत्त्यांत फरक आहेत, म्हणून गाडीच्या नावावर न घेता इंजिन क्रमांकावर घ्यावे.

वरच्या उत्तरात फॉर्च्युनरच्या बाबतीत जे लिहिले, ते आपल्याला लागू पडत नाही. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, शिवाय डिझेलचा हाय-प्रेशर पंपही त्याच बेल्टवर आहे. वॉटर पंपाचे बेअरिंग गेले किंवा त्यातून कूलंट बेल्टवर गळू लागले, तर बेल्ट जातो. म्हणून पंपासहित किट घेणे हीच येथे काटकसर आहे. आणखी एक खर्च मुद्दाम सुचवतो. बाहेरचा, अल्टरनेटर आणि एसीचा बेल्ट या इंजिनात तुटला, तर त्याच्या चिंध्या क्रँकच्या पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढल्या जातात आणि चांगल्या टायमिंग बेल्टचा घात करतात. तो बाहेरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर त्याच दिवशी बदलून घ्यावा.

प्रश्न : माझी फॉर्च्युनर २०१८ ची, २.८ फोर बाय फोर आहे. विजापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजने टायमिंग बेल्ट बदलायला सांगितला आहे. किट कुठे स्वस्त मिळेल?

उत्तर : कुठेही घेऊ नये. आपल्या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. गॅरेजला बाहेरचा फॅन बेल्ट म्हणायचा असेल, तर तसे स्पष्ट विचारावे. आणि त्यांना खरोखर टायमिंग बेल्टच म्हणायचा असेल, तर गॅरेज बदलावे.