‘वाय’ दाबलं, तरी फाइल जागची हलेना

प्रश्न : आमच्या कास्तकार गटाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, भाषा मराठी. गेल्या हंगामातल्या कापसाच्या काटापट्ट्यांच्या फाइली ‘आरएम’ या फाइली पुसायच्या आज्ञेला ‘-आय’ (पुसण्याआधी विचार) लावून काढायला घेतल्या. दर फाइलीला विचारणा झाली, दर वेळी वायची कळ दाबून एंटर केलं. चूक दाखवणारा संदेश नाही, पण एकही फाइल गेली नाही. असं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी कीबोर्ड पाहा. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असेल तर वायच्या कळीतून ‘ब’ उमटतो. आरएमला फक्त होकार कळतो. दुसरं काहीही आलं, अगदी नुसतं एंटरही, की तो नकार समजून मुकाट्यानं पुढच्या फाइलीकडं वळतो. प्रोग्रॅम बसवणाऱ्या ‘एपीटी’ या आज्ञेचं उलटं आहे: ‘पुढे जायचं का’ या प्रश्नावर नुसतं एंटर म्हणजे होकार. दोन्ही आज्ञा रोज वापरणारा इथं हमखास फसतो.

कीबोर्ड इंग्रजीत ठेवूनही तसंच झालं, तर लोकेल, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा-प्रदेशाची मांडणी, तपासा. कोणतं उत्तर होकार धरायचं, ते तिथं लिहिलेलं असतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) ‘लोकेल’ आणि जागा सोडून ‘येसएक्सपीआर’ लिहा (वाय-ई-एस-ई-एक्स-पी-आर, सगळं लहान इंग्रजी अक्षरांत). जो नमुना छापून येईल, त्यानं उत्तराची सुरुवात जुळली पाहिजे. ‘सी’ या मूळ, साध्या इंग्रजी लोकेलमध्ये लहान-मोठा वाय एवढाच होकार. जर्मनमध्ये जेही चालतो. तुमच्या नमुन्यात ‘ह’ असेल तर ‘हो’ लिहा, इनस्क्रिप्टमध्ये यू आणि मग ए.

वायच हवा असेल तर आज्ञेच्या आधी त्याच ओळीत ‘एलसी_मेसेजेस=सी’ मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा. ‘एलसी_ऑल=सी’ मात्र टाळा. त्यानं अक्षरसंचही बदलतो आणि देवनागरी नावांच्या फाइली यादीत ओळखू येत नाहीत. एलसी_ऑल आधीपासून ठरवलेलं असेल तर एलसी_मेसेजेसला कोणी विचारत नाही. एलसी_ऑल आधी ‘अनसेट’ करा, म्हणजे काढून टाका.

‘लँग्वेज’ हे चल (अशीच एक नाव दिलेली मांडणी) वेगळंच. त्यानं प्रश्नाची भाषा बदलते, होकाराचा नमुना नाही. म्हणून प्रश्न एका भाषेत आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्या भाषेत, असं त्रांगडं होतं. गटातल्या कुणी लिहिलेल्या बॅश स्क्रिप्टला (आज्ञांच्या फाइलीला) तर यातलं काहीच लागू नाही. तिथं उत्तर वाचून घेणाऱ्या ‘रीड’नंतर वायशीच तुलना लिहिली असेल, तर लोकेल कोणतंही असो, ‘हो’ चालायचं नाही.