पोझनान ते व्हेरोना, क्लीनरशिवाय

प्रश्न : मी वडाळ्याचा. न्हावाशेव्यातून अकरा वर्षं ट्रेलर चालवला. गेल्या वर्षी पोलंडला गेलो, तिथलं लायसन्स आणि कोड ९५, म्हणजे धंद्यासाठी ट्रक चालवायची पात्रता, दोन्ही झालं. तीन महिने एका पोलिश ड्रायव्हरबरोबर जोडीनं गाडी चालवली. आता गणपतीला घरी आलोय. परत गेल्यावर ऑक्टोबरअखेर पहिली एकट्याची फेरी आहे : पोझनान ते इटलीतलं व्हेरोना, साधारण १३०० किलोमीटर. मुंबई-दिल्ली १४०० किलोमीटर मी दोन दिवसांत मारलेलं आहे. तरी सगळे म्हणतात नीट प्लॅनिंग कर. एवढं प्लॅनिंग कशाचं करायचं?
– एक वाचक, वडाळा

(पत्राच्या खाली वेगळ्या अक्षरात : आणि ते जेवणार काय, झोपणार कुठे, आम्ही फोन कधी करायचा, हेही सांगा.)

उत्तर : भाऊ, दिल्ली दोन दिवसांत मारली हे आधी डोक्यातून काढा. मीही कळंबोलीहून माल भरून एका दमात वापीच्या पुढे जाणाऱ्यांतला. नंतर सात वर्षं तिकडे गाडी चालवली आणि पाठ बोलायला लागली तेव्हा परत आलो. आपल्याकडे फेरीचा हिशेब किलोमीटरमध्ये होतो. तिकडे तो तासांत होतो आणि ते तास डॅशबोर्डवरचं टॅकोग्राफ मोजतं. त्याला चहापाणी देऊन गप्प करता येत नाही.

नियम तुम्ही ट्रेनिंगमध्ये पाठ केले असतील. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, किंवा आधी १५ आणि मग ३० असे तुकडे करायचे. दिवसाचे ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. आठवड्याचे जास्तीत जास्त ५६ आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांचे मिळून ९०. रात्रीची विश्रांती ११ तास, ती काही वेळा ९ वर आणता येते. पाठ असणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. जोडीनं चालवताना त्या पोलिश उस्तादनं किती वेळा तुमच्यासाठी बटण दाबलं, ते आठवून बघा.

बटणावरून माझी फजिती सांगतो. पहिल्याच एकट्या फेरीत लाइपझिगच्या खाली थांबलो. पोहे केले, चहा केला, घड्याळ लावून पावणेतास काढला आणि निघालो. आता, गाडी थांबली की यंत्र आपोआप दोन हातोड्यांच्या चिन्हावर जातं. त्याचा अर्थ ‘इतर काम’. विश्रांतीसाठी पलंगाचं चिन्ह आपण दाबायचं असतं. मी दाबलंच नव्हतं! म्हणजे माझे पोहे सरकारी हिशेबात काम म्हणून लागले आणि मी सलग आठ-नऊ तास न थांबता गाडी चालवल्याचं कार्डावर उमटलं. दोन आठवड्यांनी रस्त्यावरच्या तपासणीत ते निघालं. तेव्हा मागचे २८ दिवस बघत, २०२४ संपताना ते ५६ झाले. दंड किती भरला ते अजून बायकोला सांगितलेलं नाही. ती हे सदर वाचत नाही, म्हणून इथे एवढं तरी लिहितोय.

आता तुमची फेरी. सोमवारी पहाटे ५ ला पोझनान सोडलंत असं धरू. ट्रकला जर्मनीच्या मोटरवेवर ८० ची मर्यादा आहे. कामं, चढ, गर्दी धरून ताशी ६५-६७ पडले तर उत्तम. ९ तासांत ६०० किलोमीटर. बर्लिनला बाहेरून वळसा घालून दक्षिणेकडे जाणारा ए-९ मोटरवे धरला की दुपारी तीनच्या सुमारास हॉफच्या पुढे, बायरॉइटच्या अलीकडे कुठेतरी तुमचे तास संपतात. थांबण्याची जागा मात्र बायरॉइट आल्यावर शोधायची नाही. ती पोझनानहून निघण्याआधी ठरलेली हवी, आणि तिच्या अलीकडे अर्ध्या तासावर दुसरी. संध्याकाळी पाचनंतर हायवेच्या कडेचे तळ भरतात. मग ट्रक बाहेर जाण्याच्या रस्त्यावर तिरपे उभे राहतात आणि तुम्ही तास संपलेले असताना पुढचा तळ शोधत फिरता. असली वेळ आली तर हायवेवरून उतरून ऑटोहोफला जा. म्हणजे आपला मोठा ढाबाच, पेट्रोल पंप आणि आंघोळीसकट. बरेच ठिकाणी पार्किंगचे पैसे घेतात, त्यातले काही जेवणात वळते होतात. ते पैसे देताना जीव तुटू देऊ नका. माझा पहिल्या वर्षी फार तुटायचा.

तीनला थांबलात की ११ तास रात्री दोनला पुरे होतात. मंगळवारी अडीच-तीनला निघा. कारण म्युनिक. तिथला रिंगरोड सकाळी आठला म्हणजे आपलं सायन सर्कल. सातच्या आत तो मागे टाकायचा, होल्झकिर्शेनच्या आसपास ४५ मिनिटं घ्यायची आणि मग कुफस्टाइनला ऑस्ट्रियात शिरायचं. ठरावीक दिवशी टायरॉलवाले, म्हणजे ऑस्ट्रियातल्या त्या राज्याचे लोक, तिथे ट्रक अडवून थोडे थोडे सोडतात. त्या दिवसांचं कॅलेंडर आधी जाहीर होतं, ते कंपनीत फेऱ्या लावणाऱ्या डिस्पॅचरकडून मागून घ्या. शिवाय ऑस्ट्रियातून इटलीत उतरणाऱ्या ब्रेनर घाटाच्या रस्त्यावर लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ पासून एकेकच लेन चालू असते, गर्दीच्या दिवशी तेवढी दुसरी उघडतात. म्हणून तिथे नकाशा दाखवतो त्या वेळेत एक तास आपल्या पदरचा घालायचा. दुपारी इटलीत बोल्झानोच्या आसपास मुक्काम. बुधवारी सकाळी अडीच तासांत व्हेरोना. १३०० किलोमीटरला दोन पूर्ण दिवस आणि तिसऱ्याची सकाळ. मालक याहून लवकर मागत असेल तर त्याला लेखी मेसेज करायला सांगा. सहसा मेसेज येत नाही.

तारीख मात्र नीट बघा. ऑक्टोबरअखेर म्हणालात, तिथेच मोठा घोळ आहे. रविवारी जर्मनीत रात्री १० पर्यंत ट्रक बंद, ऑस्ट्रियात शनिवारी दुपारी ३ पासूनच बंद, हे तुम्हाला माहीत असेल. पण ३१ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या राज्यांत सुट्टी असते, ती रविवारसारखी धरतात. ए-९ त्यांतूनच जातो. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, बव्हेरियात सुट्टी. ऑस्ट्रिया, इटली आणि तुमच्या पोलंडमध्येही तोच सण. म्हणजे चुकीच्या दिवशी निघालात तर एक राज्य उघडेपर्यंत दुसरं बंद. दिवाळीच्या दिवशी भिवंडीतल्या गोडाऊनवर माल घेऊन गेल्यावर वॉचमन जसा बघतो, तसं जग तुमच्याकडे बघेल. आणि १ नोव्हेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रियात गाडीत बर्फाच्या साखळ्या असणं सक्तीचं आहे, बर्फ पडो न पडो. साखळ्या असतील, पण त्या चढवता येतात का? पोझनानच्या यार्डात कोरड्या जमिनीवर एकदा चढवून उतरवून बघा. अंधारात थंड बोटांनी पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.

ब्रेनर फार उंच नाही, १३७० मीटर. चढ गाडी आपोआप घेते. बोलायचं ते उताराबद्दल. खंडाळ्यात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आपण खूप बघितलेत, कदाचित तुम्ही त्यांतले नसाल. मी होतो. तिकडे ४० टनांची गाडी रिटार्डरवर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणाऱ्या यंत्रावर, उतरवायची. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करायचा आणि पायातला ब्रेक शेवटपर्यंत थंड ठेवायचा. चढताना इन्सब्रुकच्या पुढे युरोपा ब्रिज लागतो, दरीच्या तळापासून १९० मीटर उंच, १९६३ सालचा. वारा असेल तर रिकामा ट्रेलर तिथे हलतो. खाली बघू नका. मी बघितलं होतं.

ट्रॅफिक तुंबलं तर एक गोष्ट आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात गाड्या मंदावल्या की डाव्या टोकाच्या लेननं डावीकडे सरकायचं आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे. मध्ये ॲम्ब्युलन्ससाठी वाट मोकळी राहते. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला सायनच्या पुलावर अडकलेली एक ॲम्ब्युलन्स आठवली, आणि मी गाडीत एकटाच असून लाजलो.

मालाबद्दल. आपल्याकडे ताडपत्री टाकून दोरखंड आवळला की माल बांधला. तिकडे हिशेब असा : जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो आणि वळणावर ५० टक्के बाजूला. तेवढा जोर पट्ट्यांनी, खालच्या रबरी मॅटनी आणि पुढच्या भिंतीनं मिळून पेलायला हवा. लोडिंगवाल्यानं ‘ओके ओके’ म्हटलं तरी पट्टे तुम्ही मोजायचे. सुटलेल्या मालाबद्दल पोलीस आधी तुम्हाला विचारतात. पहिल्या तासाभरानंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा. माल बसतो, पट्टा सैल होतो.

कागद म्हणजे सीएमआर, आपली बिल्टीच. फरक एवढाच की तिच्यात १८ नंबरचा रकाना आहे, वाहतूकदाराच्या शेऱ्यासाठी. खोकं फाटलेलं दिसलं, पॅलेट कमी वाटली, मोजू दिलं नाही, काहीही असो, तिथे लिहायचं आणि मगच सही करायची. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. मी एकदा नुसतं ‘टू बॉक्स वेट’ लिहिलं होतं, वेट म्हणजे ओली. तेवढ्या तीन शब्दांनी भरपाई माझ्या कंपनीच्या गळ्यात पडली नाही. व्हेरोनाला माल उतरला की २४ नंबरच्या रकान्यात सही-शिक्का घेतल्याशिवाय गेट सोडू नका.

आणि हो, क्लीनर. ‘येऊ दे, येऊ दे, डावीकडे काट, बस्स’ असं ओरडणारं मागे कुणी नसतं. डॉकला रिव्हर्स घेताना गाडी थांबवा, उतरा, चालत मागे जा, बघा, परत चढा. चारदा उतरावं लागलं तरी उतरा. माझ्या पहिल्या डॉकला मी सहा वेळा उतरलो होतो. शेजारचा म्हातारा रोमेनियन ड्रायव्हर खिडकीतून सफरचंद खात बघत होता. सहाव्यांदा त्यानं अंगठा वर केला.

आता वहिनींचे प्रश्न. भारतातून मांस आणि दुधाचा पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, खव्याचे मोदक इथेच खाऊन संपवायला सांगा. कढीपत्त्याची ताजी डहाळीही नको, कागदाशिवाय चालत नाही. गोडा मसाला, वाळवलेली लसणाची चटणी भरून द्या. तांदूळ, डाळ तिकडच्या दुकानांत मिळते. केबिनमध्ये २४ व्होल्टवर चालणारा छोटा कुकर घ्यावा, खिचडी होते. झोपणं केबिनमध्येच, बिछाना चांगला असतो. पण आठवड्याची पूर्ण ४५ तासांची सुट्टी केबिनमध्ये काढायला २०२० पासून सगळ्या युरोपीय संघात बंदी आहे. ती खोलीत काढायची आणि खोलीचा खर्च कंपनीचा. मालक टाळाटाळ करत असेल तर हे वाक्य यजमानांकडून पाठ करून घ्या.

फोनबद्दल शेवटी लिहितो. आधी भांडुपच्या एका वाचकाचा छोटा प्रश्न.

प्रश्न : युरोपात ट्रक ड्रायव्हरची नोकरी देतो म्हणून एजंट सहा लाख मागतोय. दोन लाख आधी, रोख. द्यावे का?

उत्तर : नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ती आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर तुम्हाला स्वतःला बघता येतं. नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. सहा लाखांची पावती मागून बघा, माणूस फोन उचलायचा बंद होईल. आणि आपल्या हेवी लायसन्सवर तिकडे उतरल्या दिवशी ट्रक हातात येतो असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. वडाळ्याच्या भाऊंना विचारा, त्यांचं जवळजवळ वर्ष गेलं.

हां, फोन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. तोवर आपल्यात साडेतीन तासांचा फरक, नंतर साडेचारचा. वर सांगितलेल्या हिशेबानं सोमवारी त्यांचा पहिला ब्रेक सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्याकडे दुपारी दोन वाजता. तेव्हा फोन करा, पोराशी बोलू द्या, जेवलात का विचारा. पण वहिनी, त्याच्याही आधी विचारा, पलंगाचं बटण दाबलंय का?