समितीवर मानसिक रुग्णाला घेतात ते खरंच ऐकायला, की फोटोपुरतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला बायपोलर आहे. तुमच्या गटातल्या ताईंनी एका सरकारी समितीवर 'रुग्ण प्रतिनिधी' म्हणून तुमचं नाव सुचवलंय, पण नुसतं शोभेला बसवतील अशी धास्ती वाटते. जावं का?

जा. शोभेलाच बसवतील, तरी जा. मी बसून आलेय.

मलाही बायपोलर आहे, २२ वर्षं झाली. अशाच एका समितीवर मी होते, नाव नको सांगायला. पहिल्या बैठकीत टेबलावर प्रत्येकापुढे पाटी होती. डॉक्टर अमुक, ॲडव्होकेट तमुक. माझ्या पाटीवर फक्त 'रुग्ण प्रतिनिधी'. मसुदा आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेला, ७० पानं, अख्खा इंग्रजीत. लिथियमच्या गोळ्यांनी (बायपोलरचं औषध) माझा हात थरथरतो, त्यामुळे चहा बशीत सांडला. समोरच्या साहेबांनी तेवढं बरोबर टिपलं. मग म्हणाले, "तुमचा अनुभव सांगा." सांगितला. एकदोघींनी डोळे पुसले. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

नंतर मी विचारलं, बायकांच्या वॉर्डात बाथरूमला आतून कडी का नाही? उत्तर येईना, म्हणून जरा आवाज चढवून पुन्हा विचारलं. तर अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले, "ताई, औषधं नियमित चालू आहेत ना?"

त्याआधी पाऊण तास दोन डॉक्टर एकमेकांवर ओरडत होते. त्यांना कुणी गोळ्यांचं विचारलं नाही.

तुमची खरी अडचण ही असणार आहे. खुर्ची मिळते. पण तुम्ही 'हो' म्हणालात तर 'किती छान सावरल्यात', आणि 'नाही' म्हणालात तर आजार बोलतोय!

आता ही खुर्ची आली कुठून, ते बघा. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ साली मान्य केला. त्यात मानसिक आजारामुळे येणारं अपंगत्वही धरलंय; आमच्याबद्दलचे कायदे आणि धोरणं ठरवताना आम्हाला विचारायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. त्याला धरून २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आला. त्यात राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसांचे २ प्रतिनिधी आहेत, काळजी घेणाऱ्यांचे वेगळे २ आणि सेवाभावी संस्थांचे आणखी २. म्हणजे तुम्हाला बोलावतात ते काही उपकार म्हणून नाही.

जिल्ह्यांसाठीच्या पुनर्विलोकन मंडळात मात्र मेख आहे. तिथं न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा माणूस आणि २ डॉक्टर यांच्याबरोबर आणखी २ सदस्य असतात. ते 'रुग्ण किंवा काळजीवाहक किंवा त्यांच्या संघटनांचे किंवा संस्थांचे प्रतिनिधी'. एवढे 'किंवा' असल्यावर एकही रुग्ण न घेता मंडळ नियमानुसार पूर्ण होतं. आणि ज्याला मनाविरुद्ध दाखल केलंय, तो दाद मागायला याच मंडळापुढे येतो.

'काळजी घेणारे बोलतातच की तुमच्या वतीनं' असं तुम्हाला ऐकवतील. पुण्यात 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेच्या वर्तुळात रुग्णाला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत (मला स्वतःला 'रुग्ण'च बरा वाटतो, उगाच बारशाला आल्यासारखं वाटत नाही), पण दोन वेगळे शब्द केले हे उत्तम. माझ्या आईनं माझ्यासाठी काय काय सोसलंय ते मला माहीत आहे. तरी तिला विचारलं तर ती म्हणेल, कडी नकोच, आत काही करून घेतलं तर? आणि मला विचाराल तर दार उघडं टाकून अंघोळ करायची म्हणजे काय, ते मी सांगेन. दोन्ही खरं आहे. शेवटी तोड काढली ती वॉर्डच्या सिस्टरनी: आतून लावता येईल आणि बाहेरून किल्लीनं उघडेल अशी कडी.

आत राहून आलेल्या माणसाचं ऐकलं की काय होतं, ते त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये वाचा. सक्तीनं केस भादरायचे नाहीत. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे. बायकांना पाळीच्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. सहीशिक्क्याच्या सरकारी कायद्यात केस भादरण्याचा उल्लेख! ज्याचे भादरले गेलेत त्याचं गाऱ्हाणं कुठून तरी तिथवर पोचलं असणार, असं मला ते वाचताना दरवेळी वाटतं.

जाणार असाल तर माझ्या ठेचांवरून सांगते. एकट्यानं जाऊ नका, दुसरी जागाही रुग्णालाच मिळावी म्हणून आधीच भांडा. एकाला औषधाचं विचारलं की दुसऱ्यानं मूळ प्रश्न तसाच पुन्हा विचारायचा. आमचं हे दोनदा फार छान जमलं. कागद मराठीत आणि निदान आठवडाभर आधी मागा, लेखी. तब्येत बरी नसेल त्या दिवशी बदली माणूस चालेल का, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. प्रवासखर्च मागायला लाजू नका. आपबीती सांगायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, ती काही प्रवेश फी नाही.

आणि इतिवृत्त वाचा. माझा कडीचा प्रश्न त्यात 'स्वच्छतागृहांच्या सुविधेबाबत सविस्तर चर्चा झाली' असा उमटला होता. मी दुरुस्तीचं पत्र दिलं, तेव्हा पुढच्या इतिवृत्तात 'कडी' हा शब्द आला. सात महिन्यांनी कडी आली. पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी माझं नाव पेनानं लिहून घेतलं होतं, ती अजून घरी आहे.

होकार कळवण्याआधी एक करा. माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा: राज्य प्राधिकरणाच्या गेल्या वर्षी किती बैठका झाल्या, आणि तुमच्या जिल्ह्याच्या मंडळावर त्या 'किंवा'मधले नेमके कोण बसलेत. कायद्यानुसार प्राधिकरणाच्या वर्षाला किमान ४ बैठका व्हायला हव्यात. अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, हवा असेल तर सांगा.