वाचक विचारतात : बसस्थानकावरच्या मेजरना छप्पर कोठे मिळेल?

प्रश्न : कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ माझे चहाचे दुकान आहे. गेल्या दिवाळीपासून एक वृद्ध गृहस्थ रात्री तेथल्या बाकावर झोपतात. आम्ही सगळे त्यांना मेजर म्हणतो. पहाटे उठून ते नळावर दाढी करतात, घोंगडीची काटेकोर चौकोनी घडी घालतात आणि चहाला पैसे नसले तर माझ्या कपबशा विसळून देतात. फुकटचा चहा घेत नाहीत. वय एकाहत्तर सांगतात. मराठा लाइट इन्फंट्रीत नऊ वर्षे नोकरी करून घरच्या अडचणीमुळे नाव कापून, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडून आले, त्यामुळे पेन्शन नाही. पत्नी वारली, मूलबाळ नाही, जवळ एकही कागद नाही. कधी कधी रात्री झोपेतून ओरडत उठतात. अशा माजी सैनिकासाठी निवारा कोठे मिळेल?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण त्यांना कपबशा विसळू देता, हे वाचून बरे वाटले. मदत घेताना त्यांचा मान राखला जाणे त्यांच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे आपल्याला उमगले आहे. पुढची सगळी कामे करतानाही ते ध्यानात ठेवावे.

माजी सैनिकाचे घर एकाच कार्यालयातून मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आजच्या रात्रीचे छप्पर महापालिकेकडे मागायचे आणि सैनिक म्हणून असलेला हक्क जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे, अशी ही दोन वेगळी कामे आहेत. सैनिकी विश्रामगृह कामानिमित्त आलेल्या माजी सैनिकांच्या थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी असते, कायमच्या राहण्यासाठी नसते. तेथून नकार आला म्हणून सैनिक कार्यालयाने हात झटकले, असे समजून पुष्कळ जण परत फिरतात आणि खरे काम तसेच राहून जाते.

आधी छपराचे पाहू. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी बारा महिने चोवीस तास उघडे असणारे एक निवारा केंद्र असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बजावले आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून महापालिकांनी अशी केंद्रे उभी केली. कोल्हापूर महापालिकेच्या संबंधित विभागात जाऊन शहरी बेघर निवारा केंद्रातल्या जागेची चौकशी करावी. मेजरना चिठ्ठी देऊन एकटे पाठवू नका, स्वतः बरोबर जा. अडचण आली तर ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या 14567 या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा.

निवारा केंद्राचा दुसरा उपयोग मला अधिक मोठा वाटतो. बेघर माणसाला पत्ता नसतो; पत्ता नाही म्हणून आधार कार्ड नाही, आधार नाही म्हणून बँकेत खाते नाही आणि खाते नाही म्हणून मंजूर होऊ शकणारे अनुदानही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. निवारा केंद्राच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेला दाखला आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. म्हणून बाकीच्या धावपळीआधी ही नोंद करून घ्यावी.

आता सैनिक म्हणून असलेल्या हक्काकडे वळू. मेजरना निवांत बसवून त्यांचा सैन्यातला नंबर विचारा. मी स्वतः सैन्याच्या एका अभिलेख कार्यालयात सव्वीस वर्षे कारकून होतो. गावाचे नाव अडखळत सांगणारे, मुलांची वये विसरलेले वृद्ध माझ्या टेबलासमोर बसत, पण नंबर विचारला की पाठ ताठ करून शेवटच्या अक्षरासकट एका दमात सांगत. नुसत्या नावावर आलेले अर्ज मात्र महिनोन्‌महिने पडून राहत, कारण पाटील आणि शिंदे शेकड्यांनी सापडतात. नंबर, हुद्दा, वडिलांचे नाव, भरतीच्या वेळचे गाव व तालुका, पलटण, भरतीचे व सुटण्याचे साल एवढे एका कागदावर लिहून घ्या. पलटणीचा आकडा आठवत नसेल तर बरोबरच्या साहेबांची नावे, कोणत्या ठाण्यावर होते, असे विचारत जा. एकेक धागा हाती येतो.

हा कागद घेऊन मेजरसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारे सेवापुस्तक, हरवल्याचा अर्ज शक्यतो जिल्हा कार्यालयामार्फतच तेथे पाठवावा. माजी सैनिक कोणाला म्हणावे याची व्याख्या सेवा सोडल्याच्या तारखेनुसार आणि कारणानुसार बदलत गेली आहे. त्यामुळे नऊ वर्षांच्या नोकरीला पेन्शन नाही म्हणजे काहीच नाही, असा निकाल बाहेरच्या कोणाच्या तोंडून ऐकून स्वीकारू नका. नोंद पाहून कार्यालय काय म्हणते, तेच खरे.

ते माजी सैनिक ठरले, तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्धनता अनुदानासाठी अर्ज करता येईल. पेन्शन नसलेल्या, नियमित उत्पन्न नसलेल्या, पासष्टीपुढच्या, हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी ते आहे. पूर्वी महिना 4,000 रुपये मिळत. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000 रुपयांचा दर आहे.

माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, मुख्यतः पेन्शनधारकांसाठी आहे. मात्र सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठीही आधार लागतेच. रात्रीच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करू नका. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. त्यांना वेड लागले आहे, असा शब्द बाकाच्या आसपासही कोणाला उच्चारू देऊ नका.

प्रश्न : माझे मामा निवृत्त हवालदार आहेत. त्यांनी जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केली. आता मुलाने घराबाहेर काढले असून ते कागलजवळच्या एका देवळात राहतात. त्यांची पेन्शनही काही महिन्यांपासून जमा होत नाही. काय करावे?
– एक भाची, इचलकरंजी

उत्तर : पेन्शन आधी पाहा. बहुधा वर्षाचा हयातीचा दाखला सैनिकांच्या पेन्शनसाठी असलेल्या स्पर्श या ऑनलाइन प्रणालीत नोंदला गेला नसावा. तसे असेल तर जवळच्या सामायिक सुविधा केंद्रात बोटांचे ठसे देऊन तो नोंदता येतो आणि थकलेली रक्कमही मिळते. बोटांचे ठसे झिजल्यामुळे उमटत नसतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

मुलाविरुद्ध 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाह भत्ता महिना 10,000 रुपयांपर्यंत मिळू शकतो. बक्षीसपत्रात मामांचा सांभाळ करण्याची अट असेल आणि मुलाने ती मोडली असेल, तर याच कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द ठरवून घेता येते. म्हणून त्या कागदाची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून लगेच काढा आणि तिच्यातले शब्द नीट वाचा. माजी सैनिकांना मोफत कायदेशीर मदत देण्यासाठी जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागताना मामांचे पेन्शनचे कागद बरोबर ठेवावेत. आणि निकाल लागेपर्यंत त्यांना देवळात राहू देऊ नका. काही दिवस तुमच्याच घरी आणा.