दर्या की दऱ्या?

प्रश्न : मी एसटीत ३१ वर्षे वाहक होतो. निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या, फुलस्केप ३८० पाने झाली. मुलाने बाहेरून टाइप करून आणली. ओळखीचे एक मास्तर शुद्धलेखन तपासून देतो म्हणतात. मग थेट छापायला द्यावे का? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, काढून देण्याचे एक जण पाच हजार मागतो, ते बरोबर आहे का? पहिली चार प्रकरणे सोबत पाठवतो.
– एक निवृत्त वाहक, जि. सातारा

उत्तर : दादा, मास्तरांना जरा थांबवा. त्यांचे काम शेवटचे आहे. मी एका आत्मचरित्राची प्रुफे, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, दोनदा वाचली, ऱ्हस्व-दीर्घ चोख केले आणि त्यानंतर लेखकाला सुचले, की सहा प्रकरणे नकोतच. माझे आठ दिवस रद्दीत गेले. आधी काय ठेवायचे ते ठरवा, मग भाषा, मग पानांची मांडणी आणि मग प्रुफे.

तुमचे पहिले प्रकरण घराण्याची वंशावळ आहे. दुसऱ्यात १ जून १९४८ला पहिली एसटी पुणे-नगर धावली, इथपासूनचा इतिहास आहे. तो वाचकाला कुठेही मिळेल. मी वाचताना ताठ बसले ती २७व्या पानावर. मुक्कामाची गाडी लागली आहे, कंदिलाच्या उजेडात तुम्ही हिशेब जुळवताय, सव्वा रुपया कमी भरतो आणि ड्रायव्हर एक शब्द न बोलता चंचीतून काढून देतो. पुस्तक इथून सुरू करा. वंशावळ घरच्यांसाठी वेगळी झेरॉक्स करून ठेवा. चुलते नाराज व्हायला नकोत.

उरलेले मोठ्याने वाचून दाखवा. सुनेला नको, ती सगळ्याला छान म्हणेल. एखाद्या जुन्या ड्रायव्हरला गाठा. जिथे तुमची जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा, आणि जिथे तो मध्येच “अहो, तसं नव्हतं” म्हणेल तिथे दोन रेघा. चौथ्या प्रकरणात तुम्ही ‘प्रवाशांना आसनस्थ होण्याची विनंती केली’ असे लिहिले आहे. भर गाडीत असे कधी म्हणालात? ‘पुढं सरका’ म्हणाला असाल, तेच लिहा.

मास्तरांनाही हे सांगून ठेवा. ‘गरीबाला’चे ‘गरिबाला’ त्यांनी जरूर करावे, १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते बरोबरच आहे. पण ‘डबल बेल दिली’चे ‘दोनदा घंटा वाजवली’ केले, तर खोडून पूर्ववत करा. वेबिल म्हणजे काय हेही कंसात सांगत बसू नका, दोन पानांत वाचकाला आपोआप कळते.

आता टायपिंगचे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना आडवा रफार, म्हणजे ‘ऱ्य’मधला अर्धा र, हमखास मोडतो. तुमच्या प्रतीत पसरणीच्या घाटातून खाली ‘खोल दर्या’ दिसतात. वाईजवळ समुद्र आलेला पाहून मला हसू आवरेना. पुढे तर लग्नाच्या वऱ्हाडात आचाऱ्यांऐवजी ‘आचार्यांना’ उशीर झाला म्हणून जेवण लांबले आहे! संगणकाला यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ‘र्य’ शोधायला लावा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा. हे काम मुलाकडे द्या, त्याची नजर तरुण आहे.

पाच हजार देऊ नका. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो.

आणि ड्रायव्हरचा तो सव्वा रुपया तुम्ही परत केलात की नाही, हे चारही प्रकरणांत कुठे आलेले नाही. ते लिहा.