वेलेरो रोज 'कम्प्लिटेड' दाखवतं, मग जिनिंगच्या क्लस्टरचा बॅकअप झाला असं समजायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पांढरकवड्याकडच्या जिनिंगमध्ये काटा, ओलावा आणि चुकाऱ्यांचं सॉफ्टवेअर तीन मशीनच्या केथ्रीएस (हलकं कुबरनेटिस, म्हणजे अनेक मशीन जोडून सॉफ्टवेअर चालवणारी व्यवस्था) क्लस्टरवर चालतं. डेटाबेस पोस्टग्रेस, स्टोरेज केथ्रीएससोबत येणारं लोकल-पाथ, म्हणजे डेटा त्या-त्या मशीनच्याच डिस्कवर. लाईन जाते, नेट मंद आहे. वेलेरो (कुबरनेटिसचा बॅकअप घेणारं साधन) बसवलंय, तेवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. या मांडणीत तुमचा डेटाबेस बहुधा बॅकअपमध्ये गेलेलाच नाही.

लोकल-पाथ मुळात होस्टपाथ (मशीनच्या डिस्कवरचा साधा फोल्डर) प्रकारचा व्हॉल्यूम, म्हणजे डेटा ठेवायची जागा, बनवतं, आणि वेलेरोचा फाइल सिस्टीम बॅकअप होस्टपाथ घेत नाही. तो लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो, व्हॉल्यूम सोडून देतो आणि शेवटी 'कम्प्लिटेड' लिहितो. स्नॅपशॉटची (त्या क्षणाच्या प्रतीची) सोयही लोकल-पाथमध्ये नाही. म्हणजे डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, सीक्रेट (अॅपची मांडणी आणि पासवर्ड) सगळं आलं, पण शेतकऱ्यांच्या पावत्या तिथंच राहिल्या. आज एक करा: वेलेरोच्या बॅकअप डिस्क्राइबला डिटेल्सचा पर्याय लावून पाहा. पॉड व्हॉल्यूमच्या यादीत पोस्टग्रेसचा व्हॉल्यूम दिसला नाही, तर मी म्हणतो तेच झालंय.

तीन मशीन आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. एका खोलीत, एकाच लाईनवर तिन्ही असतील तर तिन्ही सोबतच बंद पडतात. तिन्ही सर्व्हर असतील आणि आत एटसीडी (क्लस्टरची स्वतःची नोंद ठेवणारा डेटाबेस) असेल, तर केथ्रीएस आपसूक दर १२ तासांनी एटसीडीचा स्नॅपशॉट घेतं आणि ५ ठेवतं. पण ते त्याच डिस्कवर, आणि त्यात व्हॉल्यूममधला डेटा नसतोच. तो स्नॅपशॉट नव्या मशीनवर चढवायला सर्व्हरची टोकन फाइलही लागते. तिची प्रत वेगळी काढून ठेवा. सर्व्हर एकच असेल तर एटसीडीच्या जागी बहुधा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे, तिथं हा आपसूक स्नॅपशॉटही मिळत नाही.

हिंगणघाट भागातल्या जिनिंगांचं असंच काम मी बघतो. माझं मत असं की डेटाबेसच्या बाबतीत व्हॉल्यूमवर विसंबूच नये. चालू पोस्टग्रेसच्या फायली नुसत्या कॉपी केल्या तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं हाती येतं. पीजी डम्प (पोस्टग्रेससोबत येणारं प्रत काढायचं साधन) मात्र डेटाबेस चालू असतानाच एका क्षणाचं सुसंगत चित्र काढतो, काटा थांबवावा लागत नाही. कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या, म्हणजे पुढे एखादंच टेबल परत आणता येतं. डम्पमध्ये डेटाबेसचे युजर येत नाहीत, ते पीजी डम्पऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायानं वेगळे काढा. नाहीतर ऐन रिस्टोअरच्या वेळी ओनर सापडत नाही म्हणून एररची रांग लागते.

बॅकअप रात्री दोनला लावायची सगळीकडे पद्धत आहे. रात्री दोनला तुमच्याकडे लाईन असते का? काटा बंद झाला की लगेच लावा, आणि सीझनमध्ये दुपारी आणखी एक.

आता खरी अडचण. समजा दुपारी दोनचा डम्प आहे आणि पाचला डिस्क गेली. दोननंतरच्या गाड्यांचं वजन पावतीच्या दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा भरता येईल. कंटाळवाणं आहे, पण होतं. चुकाऱ्यांचं तसं नाही. दोननंतर बँकेत गेलेले पैसे रिस्टोअर झालेल्या डेटाबेसला 'बाकी' दिसतात, आणि चुकाऱ्याचा वर्कर (पैसे पाठवणारा प्रोग्राम) उठला की ते दुसऱ्यांदा पाठवून मोकळा होतो. कापसाचे जास्तीचे गेलेले पैसे परत मागायला शेतकऱ्याच्या दारात कोण जाणार? म्हणून रिस्टोअर करताना चुकाऱ्याचा वर्कर शून्यावर आणि त्याचे क्रॉनजॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) सस्पेंड करून ठेवायचे. बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा झाल्यावरच सुरू करायचे.

हीच अडचण चाचणीतही येते. वेलेरो आधीपासून असलेल्या वस्तूंवर सहसा लिहीत नाही, त्यांना वगळून पुढे जातं. म्हणून लोक नेमस्पेस मॅपिंगनं दुसऱ्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या वेगळ्या कप्प्यात) रिस्टोअर करून पाहतात. तिथं वर्करही उठतो, खऱ्या बँकेची सीक्रेटही सोबत असतात. दर महिन्याला नुसता डम्प एका वेगळ्या पोस्टग्रेसमध्ये चढवा आणि कालच्या पावत्यांची बेरीज जुळवा. पूर्ण अॅपची तालीम सीझन संपल्यावर, सुट्या मशीनवर, नेटची केबल काढून.

दोन डम्पमधली पोकळी नकोच असेल, तर पोस्टग्रेसचं वॉल आर्काइव्हिंग सुरू करा, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या वॉल फायली बाहेर साठवणं. डम्पवर वॉल चढत नाही, त्यासाठी पीजी बेसबॅकअप (डेटाबेसच्या सगळ्या फायलींची प्रत) लागतो. वॉलचा तुकडा १६ एमबीचा असतो, आणि मंद दिवशी तो भरायला तास तास जातात. आर्काइव्ह टाइमआउट ३०० सेकंद ठेवला तर तुकडा अर्धवट असला तरी पाच मिनिटांनी बाहेर पडतो. आकार मात्र १६ एमबीच राहतो, म्हणून कॉम्प्रेस करून पाठवा.

पाठवायचं कुठे? त्याच क्लस्टरमध्ये मिनिओ (फायली साठवायचं सॉफ्टवेअर) चालवून तिथंच बॅकअप टाकणारे मी पाहिलेत. तो बॅकअप नव्हे. वॉल आणि डम्प आधी ऑफिसातल्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कपेटीवर), म्हणजे जिनिंगच्या शेडपासून लांब. जिथं रुईचे ढीग असतात तिथं आगीचा विचार करावाच लागतो. तिथून रेस्टिक या बॅकअपच्या साधनानं बाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (इंटरनेटवरच्या साठ्यावर). रेस्टिक फक्त बदललेले तुकडे पाठवतं, त्यामुळे डम्प कॉम्प्रेस न करता घेतला तर रोजचा भार मंद नेटलाही झेपतो. पहिली पूर्ण प्रत जड असते, ती डिस्कवर घेऊन नागपूरला जा आणि तिथून चढवा.

वेलेरो काढून टाकू नका, मॅनिफेस्टसाठी (अॅपच्या मांडणीच्या नोंदींसाठी) ते चांगलं आहे. त्यात दोन गोष्टी बघा. बॅकअपची मुदत सांगितली नाही तर ते ३० दिवसांनी पुसतं, तुम्हाला निदान पूर्ण सीझनचं हवं असेल. आणि फाइल सिस्टीम बॅकअपच्या रिपॉझिटरीचा पासवर्ड मुळात सगळ्यांना ठाऊक असलेला ठरावीकच असतो. पहिला बॅकअप घेण्याआधी तो बदलायचा असतो. रेस्टिकच्या पासवर्डसोबत तोही कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवा, क्लस्टरमध्ये नको.