विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जोरावर माणूस कधी अमर होईल का?

अमर होणार नाही, असं माझं मत. म्हातारपण मात्र पुढं ढकलता येईल. मी बेळगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच.

आमच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे. सकाळी तिथं फिरायला येणाऱ्या पोरांना ठाऊक नसतं, पण एके काळी इथं देवीची लस तयार व्हायची. माझ्या आज्जीच्या गालांवर देवीचे वण होते. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं. सहा भावंडांतली तिघं लहानपणीच गेली. १९८० साली देवी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज ७० च्या घरात आहे.

हे आकडे पाहून वाटतं, असंच वाढत जाईल की! इथंच गल्लत होते. ३२ च्या काळातही गावोगाव ऐंशीची म्हातारी माणसं होतीच. सरासरी खाली ओढायची ती लेकरांची मरणं, आणि आपण थांबवली ती मुख्यतः तीच. माणसाची वरची हद्द फारशी हललेली नाही. फ्रान्सच्या झान काल्माँ १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये वारल्या. त्यांच्यापुढं अजून कुणी गेलेलं नाही.

का, ते पेशीत दिसतं. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ५० वेळा विभागतात आणि थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, ते दर विभाजनाला झिजतात. ही झीज भरून काढणारं विकर (एन्झाइम) म्हणजे टेलोमरेझ. त्या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं. मग ते सगळ्या पेशींत चालू करून टाकूया, असं मुलं लगेच म्हणतात. पण कर्करोगाच्या बहुतेक पेशी नेमकं हेच करून बसलेल्या असतात. अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढताहेत. पेशी अमर झाल्या. बाई त्याच वर्षी गेल्या, अवघ्या ३१ व्या वर्षी. हे सांगताना माझा आवाज दरवेळी जरा बसतो.

तरी आशा आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या वाढलेल्या पेशी चार जनुकांच्या मदतीनं मूळ अवस्थेत नेल्या. पेशीचं वय मागं नेता येतं, हे त्यातून कळलं. अतिरेक झाला तर तिथंही गाठी होतात.

आणि समजा म्हातारपण पुरतं थांबलं. तरी अपघात, साथी, पूर राहणारच. दरवर्षी हजारात एक एवढीच मरणाची शक्यता धरली, तरी सुमारे ६९० वर्षांत निम्मी माणसं संपतात. गणित करून पाहा. मेंदू संगणकात उतरवण्याबद्दल एवढंच म्हणते, की ती माझी नक्कल होईल, मी नव्हे.

आज्जी ८९ व्या वर्षी गेली. शेवटची चार वर्षं ती माझा हात धरून विचारायची, "तू कुणाची गं?" या संशोधनाची एखादी बातमी वाचली की मी तिच्यात १५० वर्षं शोधत नाही, ती चार वर्षं शोधते.